खडूबाईंनी न दाखवलेला कागद

पाण्याच्या उंच टाकीपाशी रस्ता वळला तेव्हा भावजयीच्या उजव्या चपलेचा अंगठा तुटायला आला होता, आणि नणंद अजून मुद्द्यावर आली नव्हती. घरून निघून चांगला तास झाला होता. उन्हाचा चटका वाढत होता. मागून येणारे ट्रक धूळ उडवत पुढे जात होते, आणि नणंद आपली छत्री काखेत, पर्स पोटाशी धरून नाकासमोर चालत होती.

"वन्सं, अजून किती?"

"आलंच."

"हे 'आलंच' तुम्ही टाकीच्या अलीकडेही म्हणाला होतात."

"तेव्हा ते खोटं होतं. आता खरं आहे."

नणंद ऑडिटर होती. दुसऱ्यांच्या वह्या तपासायच्या, माल जागेवर आहे की नाही ते बघायचं आणि सगळं ठीक असेल तरच खाली सही करायची, हे काम ती एकोणतीस वर्षं करत होती. गोदामात माल मोजताना ती मोजलेल्या प्रत्येक नगावर खडूची बारीक रेघ मारायची, म्हणून बाजारातली माणसं तिला खडूबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते माहीत होतं. पाठीमागे काय चालतं ते माहीत असणं हाच तर तिचा धंदा.

गोदामात ती नेहमी चालत जाई. गाडीने कधीच नाही. "गाडी फाटकाशी थांबली की वॉचमन आत फोन करतो," ती सांगायची, "आणि आपण पायरी चढेपर्यंत आतली माणसं शर्टाच्या गुंड्या लावून तयार. चालत येणाऱ्या बाईकडे कोण बघतो?" गिऱ्हाइकाकडचा चहाही ती घेत नसे. घरून पाण्याची बाटली न्यायची, आणि तीही वाटेत कुठे ठेवायची नाही.

भावजय शिवणकाम करणारी. शाळेच्या शेवटच्या वर्गापर्यंत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. आज तिला सोबत घ्यायचं कारण नणंदेने असं दिलं होतं की आकडे लिहून घ्यायला ऑफिसात कुणी उरलेलं नाही. ते खरंच होतं. नणंदेच्या तीन खोल्यांच्या ऑफिसात एके काळी पाच मुलं उमेदवारी करायची. एकेक करून सगळी मोठ्या ऑफिसांत गेली. आता एक टायपिस्ट होती, आणि तीही दुपारपर्यंतच.

पण भावजयीच्या मनात सकाळपासून पाल चुकचुकत होती. आकडे लिहायला दुसरा कुठलाही दिवस चालला असता. आजच का?

कारण आज संध्याकाळी पाचला बिट्टीच्या परीक्षेचा फॉर्म बंद होत होता.

बिट्टी म्हणजे भावजयीची लेक, नणंदेची लाडकी भाची. वय सव्वीस. आत्यासारखंच ऑडिटर व्हायचं म्हणून लागली, सगळे पेपर सुटले, शेवटचे दोन राहिले. त्या दोनांत ती दोनदा आपटली. आता परीक्षा घेणाऱ्या संस्थेने अभ्यासक्रमच बदलला होता. जुने विषय गुंडाळून नवे आणले, आणि नियम काढला की आज पाचच्या आत नवा फॉर्म भरणाऱ्यांचे आधी सुटलेले पेपर धरले जातील. जे भरणार नाहीत त्यांचं सगळं रद्द, पुन्हा श्रीगणेशा.

आणि नेमकं याच आठवड्यात, बिट्टी जिथे शिकत होती त्या सातव्या मजल्यावरच्या मोठ्या ऑफिसने तिच्यापुढे कागद ठेवला. ती परीक्षा सोडून दे, आमचा नऊ महिन्यांचा यंत्रावर तपासणी करण्याचा कोर्स कर, कायमची नोकरी घे. आता बेरजा-वजाबाक्या यंत्रच करतं, त्या जुन्या पदवीला पुढे कोण विचारणार, असं तिथले साहेब म्हणाले होते. फक्त सही करायचा अधिकार मिळणार नव्हता.

बिट्टीच्या बापाने हात झटकले होते. "मला भाजीवाल्याचा हिशेब येत नाही. तुम्ही दोघी बघा." आणि बिट्टी आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली होती, "आई, मला आता काही कळेनासं झालंय. तू आणि आत्या सांगाल तसं. पाचच्या आत सांग मात्र."

आईला काय कळत होतं त्यातलं? म्हणून ती चप्पल झिजवत नणंदेमागे निघाली होती. नणंदेच्या तोंडून एकदा खरं काय ते ऐकायचं: या पदवीला पुढे किंमत आहे की नाही?

"वन्सं, फॉर्मचं काय करायचं?"

"गोदाम होऊ दे."

"तुम्ही घरीही हेच म्हणालात."

"घरी बोलता येत नाही. भिंतींना कान असतात."

"आमच्या भिंतींना? त्यांना शिलाई मशिनीपुढे काही ऐकू येत नाही."

नणंद हसली नाही. पर्स आणखी पोटाशी ओढली. त्या पर्समधून एका पिवळ्या पाकिटाचा कोपरा दोनदा वर आला होता, आणि दोन्ही वेळा नणंदेने तो बोटाने आत दाबला होता. शिवणकाम करणाऱ्या बाईला कुठे काय उसवलंय ते आधी दिसतं. भावजयीला दिसलं. विचारलं नाही.

तिच्या मनात एक जुना संशयही होता. दोन वर्षांपूर्वी नणंदेने ऑफिसची पाटी नवी रंगवून घेतली. वर नणंदेचं नाव, आणि खाली बरोबर एका नावाची रिकामी जागा. पेंटरने विचारलं, "खाली काय लिहू?" नणंद म्हणाली, "खाली काही नाही. जागा सोड." भावजय तेव्हा शेजारीच उभी होती. ती रिकामी जागा तिला त्या दिवसापासून खुपत होती. आपल्या लेकीचं आयुष्य म्हणजे काय पाटी भरायचं सामान आहे? बाईचं ऑफिस ओस पडत चाललंय, चालवायला वारस हवा, म्हणून पोरीला या परीक्षेच्या जात्यात दळत ठेवायचं की काय?

असं वाटायचं आणि मग लाजही वाटायची. कारण याच नणंदेने बिट्टीची पहिल्या दिवसापासूनची फी भरली होती, आणि चारचौघांत ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. देवा, माझ्या मनातली ही किल्मिषं धू, असं भावजय रोज म्हणायची. देव धुवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग दिसायचा.

नणंदेचा स्वभाव मुळातलाच तसा. तिचे वडील, म्हणजे भावजयीचे सासरे, ट्रकच्या वजनकाट्यावर कारकून होते. लेकीला शेजारी बसवून सांगायचे, "काट्याकडे बघू नको गं. वजन करणाऱ्याच्या हाताकडे बघ." ती जे बघायला लागली ते आजवर थांबली नाही. तिच्या परीक्षेच्या वर्गात एकशे वीस मुलगे आणि ती एकटी. पास झाली तेव्हा आळीतली माणसं ते प्रमाणपत्र बघायला घरी आली होती, आणि ते बघून होईपर्यंत ती दारात उभी होती, कुणी हात लावतंय का ते बघत. लग्नाची स्थळं आली, पण मुलाकडच्यांची तिने अशी काही चौकशी केली की तेच घाबरून पळाले. "बरं झालं," ती म्हणायची, "ज्यांना प्रश्न सोसत नाहीत त्यांच्याकडे उत्तरंही नसतात."

गोदाम रंगाच्या डब्यांचं होतं. वीस-वीस लिटरचे डबे, लोखंडी मांडण्यांवर छतापर्यंत. वॉचमनने दोघींना पाहिलं, फोन उचलला, मग छत्री आणि धुळीने माखलेले पाय बघून खाली ठेवला. नणंदेने भावजयीला कोपराने ढोसलं. बघितलंस?

स्टोअरकीपर मात्र भलताच नम्र निघाला. खुर्च्या पुसल्या, पंखा लावला.

"मॅडम, कशाला त्रास घेता? वर बघा, कॅमेरे आहेत. यंत्र रोज फोटो काढून मोजतं. चारशे बारा. एकही इकडचा तिकडे नाही. चहा सांगू?"

"चहा नको." मग हळू आवाजात भावजयीला, "जास्त गोड बोलतोय."

"अहो, काही माणसं मुळातच गोड असतात."

"असतात. गोदामात नसतात."

मग मोजणी सुरू झाली. नणंदेची पद्धत ठरलेली. पहिल्या मांडणीपासून, पहिल्या डब्यापासून, एकही न वगळता. बोटाच्या पेराने डबा वाजवायचा, म्हणजे रिकामा असेल तर टणटण कळतो. मग किंचित कलता करायचा, आतला रंग हलला की हाताला कळतं. मग खडूची रेघ. मग पुढचा. वरच्या मांडणीसाठी शिडी. सत्तावन्न वर्षांची बाई चष्मा कपाळावर सरकवून शिडी चढत होती, आणि भावजय खाली पॅडवर आकडे लिहीत होती. शंभर झाले. दोनशे झाले. स्टोअरकीपर जांभया द्यायला लागला.

तीनशे एकाहत्तरपर्यंत सगळं चोख. भावजयीला मनातून बरं वाटलं. नणंदेला वाटलं नसावं, तिचा चेहरा पडत चालला होता. यंत्र खरं ठरत होतं.

तीनशे बहात्तरावा डबा भिंतीलगतच्या शेवटच्या रांगेतला. नणंदेने वाजवला. भरलेला. कलता केला आणि तशीच थांबली. पुन्हा कलता केला. शेजारचा. त्याच्या शेजारचा.

"लिहू का?" भावजयीने विचारलं.

"थांब." नणंद खाली वाकून जमिनीकडे बघत होती. बाकीच्या रांगांपुढे हातगाडीच्या चाकांचे काळे पट्टे होते. या रांगेपुढे नुसती धूळ. "इथे गाडी आलेलीच नाही. किती वर्षांत, देव जाणे. अहो, हा उघडा."

स्टोअरकीपरने झाकण काढलं. आतला रंग दगडासारखा घट्ट. त्याने त्यावर पेचकस ठोकला तर टक् असा आवाज आला.

शेवटच्या रांगेतले चाळीस डबे तसेच निघाले. एकूण चारशे अकरा. आणि बारावा कुठे? तो स्टोअरकीपरच्या टेबलाखाली सापडला, पाय ठेवायला घेतलेला. कॅमेऱ्याला तोही दिसत होता.

"म्हणजे यंत्र खरंच बोललं," भावजय म्हणाली. "डबे आहेतच चारशे बारा."

"मोजलं खरं. आत डोकावलं नाही," नणंद म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जरा तकाकी आली. भावजयीला वाटलं, मिळालं उत्तर. यंत्र कितीही येऊ दे, असं डोळ्यांत तेल घालून बघणारं माणूस लागणारच. पोरीला फोन करावा, भर म्हणावं फॉर्म. तिने पिशवीत फोनसाठी हात घातलाही.

तेवढ्यात तो नम्र स्टोअरकीपर म्हणाला, "मॅडम, हे तर यंत्रानेच सांगितलं असतं."

"काय?"

"कुठला डबा किती दिवस हलला नाही ते असतं यात. कुणी विचारलंच नाही म्हणून दिसलं नाही." त्याने टेबलावरच्या कॉम्प्युटरवर दोन-तीन बटणं दाबली. पडद्यावर यादी आली. चाळीस डबे. भिंतीलगतची रांग. तीन वर्षं दोन महिने. म्हणेपर्यंत दहा सेकंदही गेले नसतील.

नणंद त्या यादीकडे बघत राहिली. मग स्वतःच्या खडूने पांढऱ्या झालेल्या बोटांकडे. तीन तास गेले होते. भावजयीने फोन तसाच पिशवीत सोडला. नणंदेचा चेहरा असा तिने एकदाच पाहिला होता, सासरे गेले त्या दिवशी.

परतीच्या वाटेवर नणंद पुन्हा नाकासमोर पुढे चालत होती. टाकी मागे पडली. भावजयीच्या चपलेचा अंगठा शेवटी तुटला, तिने पिशवीतल्या सुईदोऱ्याने रस्त्याकडेच्या दगडावर बसून चार टाके घातले. उठताना घड्याळ बघितलं. साडेतीन.

"वन्सं, आता बास झालं." तिचा आवाज चढला होता. "मला शिकलेल्यांसारखं बोलता येत नाही, म्हणून सरळ विचारते. तो साहेब म्हणतो पदवी गेली. तुम्ही तोंडाला कुलूप लावून बसलात. पाटीवरची ती जागा माझ्या पोरीसाठी आहे ना? म्हणून तर तुम्ही तिला सोडत नाही. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

नणंद थांबली नाही, चालतच म्हणाली, "हो."

भावजयीला वाटलं होतं ती चिडेल. या 'हो'चं काय करायचं ते तिला कळेना.

"हो, तिच्याच नावाची आहे. तुझा संशय बरोबर होता. दोन वर्षं तुझ्या डोळ्यांत दिसतोय तो." नणंदेने छत्री दुसऱ्या काखेत घेतली. "आणि त्या साहेबावर माझा संशय आहे. तो पोरीला नोकरी देतोय, सही देत नाही. यंत्र चुकलं तर तुरुंगात यंत्र जात नाही गं, ज्याची सही असते तो जातो. म्हणून सही करणारा लागणारच, उद्याही. साहेबाला ते माहीत आहे. त्याला सह्या करणारे थोडे हवेत आणि राबणारे पुष्कळ."

"मग हेच सकाळी सांगायचं होतंत! पोरीने एव्हाना फॉर्म भरला असता."

"सकाळी सांगितलं असतं तर अर्धंच सांगितलं असतं."

आणि मग तिने पर्स उघडून ते पिवळं पाकीट काढलं. भावजयीकडे न बघता पुढे केलं.

आत संस्थेचा एकच कागद होता. नणंदेचं नाव, आसन क्रमांक, आणि खाली ठळक अक्षरांत: अनुत्तीर्ण.

"हे काय?"

"संस्थेने आम्हा जुन्यांनाही नवा पेपर लावलाय. यंत्रावरच्या तपासणीचा. तो सुटला नाही तर या वर्षानंतर मोठ्या कारखान्यांवर सही करता येणार नाही. मागच्या महिन्यात मैत्रिणीकडे म्हणून गेले होते ना चार दिवस? खरं तर या पेपराला गेले होते. सगळी बिट्टीच्या वयाची पोरं. मला वाटलं, तपासणीच तर आहे. एकोणतीस वर्षं दुसरं केलंय काय?"

"मग?"

"पडद्यावर पाच हजार नोंदी दिल्या, दोन तास दिले. विचारलं, यातल्या संशयास्पद कुठल्या? मी पहिल्यापासून सुरुवात केली." तिने बोटाचं पेर पर्सवर वाजवलं. "एक, दोन, तीन. एकही न वगळता. तीनशे बाराव्या नोंदीवर घंटा झाली. तीनशे बारा अगदी बिनचूक होत्या गं."

भावजयीला हसू यावं की रडू यावं कळेना. मनात देवाचं नाव घेऊन तिने दोन्ही आवरली.

"शेजारच्या पोरीने काय केलं माहितीये? आधी यंत्राला चार प्रश्न विचारले. पाच हजारांतल्या साठ बाजूला काढल्या आणि फक्त त्या बघितल्या. आज त्या माणसाने बटण दाबलं तेव्हा तीच पोर दिसली मला. मला सगळ्यांवर सारखाच संशय घेता येतो. आता संशय कुठे घ्यायचा ते आधी ठरवावं लागतं. बिट्टीला ते येतं. नव्या पेपरात तेच आहे. जुन्यात मी शिकवलेलं पाठ करून लिहायची, म्हणून आपटली दोनदा. तेही माझ्यामुळेच."

"मग भरू दे ना फॉर्म! एवढं सोपं आहे तर."

"माझ्या सांगण्यावरून नको." नणंद आता थांबली. रस्त्याच्या कडेला एक बंद पडलेला वजनकाटा होता, त्याच्या कट्ट्यावर ती बसली. पर्स मांडीवर, रिकामी दिसत होती. "ज्या कामात आपला स्वार्थ असतो त्यावर सही करायची नसते. हा आमच्या परीक्षेतला पहिला धडा, अजून बदललेला नाही. पाटी माझी, ऑफिस माझं, वारस मला हवा. आणि वर मी नापास. अशा बाईचा सल्ला तुझ्या पोरीने का ऐकावा? पण हे सगळं तिच्यापुढे असेल, आणि तरी तिला भरावंसं वाटलं, तर ते तिचं."

"मग हे घरी सांगायचं होतं. इतकी पायपीट करून?"

"चालताना तोंडाकडे बघावं लागत नाही." नणंदेने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "जाताना चारदा ओठांवर आलं होतं. प्रत्येक वेळी तू चपलेचं बोललीस."

भावजय तिच्याशेजारी बसली. नणंदेने नेहमीसारखी पर्स पलीकडे सरकवली नाही, हे तिच्या लक्षात आलं. फोन काढला. पावणेचार होत होते. बिट्टीचं नाव पडद्यावर आणून तिने फोन नणंदेपुढे धरला.

"घ्या. तुम्हीच बोला. आत्याचं ऐकेल ती."

"म्हणून तर नको. मी बोलायला लागले की समजूत घालायला लागेन." नणंदेने फोन हलकेच मागे लोटला. त्यावर तिच्या बोटांचा खडू लागला. "एवढं एक माझ्यासाठी कर. तू सांग तिला. पाटीचं सांग, पाकिटाचं सांग, तीनशे बारांचं सांग. डबे मी शोधले तेही सांग, आणि यंत्राने दहा सेकंदांत शोधले तेही सांग. तुझी बाजू घेऊ नकोस, माझीही घेऊ नकोस. काही गाळू नकोस. आणि ती काय म्हणते ते मला पाच वाजून गेल्यावरच सांग."